सरहद्दीवरील सामाईक काम, त्याचा खर्च व रयतेची पुरसीस

ज्या कामाचा उपयोग दोन अंमलांखालील लोकांस होतो, त्याचा खर्च कोणीं व किती सोसावा, आणि तो ठरविण्यापूर्वीं कोणाकोणास विचारावें, हा प्रश्न राज्यकारभाराइतकाच जुना आहे. सांप्रत नद्यांच्या पाण्याच्या मोठमोठ्या योजनांच्या निमित्तानें तो वारंवार निघतो व जणूं काय तो आजच उत्पन्न झाला अशा रीतीनें त्याची चर्चा होते. परंतु त्याची जुनी बाजू आमच्या दप्तरांतून अद्याप पुरती बाहेर यावयाची आहे. ती कोठें शोधावी व कां शोधावी, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा उद्देश आहे. उदाहरणादाखल पाचोऱ्याचा परिसर घेतला आहे. कारण सामाईक काम व दुहेरी अंमल या दोन्ही गोष्टी तेथें शेजारीं शेजारीं सांपडतात.

पाचोरा तालुक्याच्या दक्षिणेस सातमाळ्याची म्हणजे अजिंठ्याची डोंगररांग आहे. तिच्यावर पडलेला पाऊस लहानमोठ्या नद्यांनीं खानदेशांत उतरतो. अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहणारी वाघूर त्यांपैकींच एक. म्हणजे डोंगरावरच्या जंगलाची राखण झाली तर तिचें फळ खालच्या शेतास, व वरचें जंगल तुटलें तर त्याचा फटकाही खालच्यालाच, असा हा संबंध आहे. परंतु राज्याची हद्द या संबंधास अनुसरून कधींच पडली नाहीं. सोयगांव हें डोंगराच्या उत्तर पायथ्यास, म्हणजे स्वभावतः खानदेशाच्या बाजूस असूनही औरंगाबाद जिल्ह्यांत राहिलें व आजही तें त्याच, म्हणजे हल्लींच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत आहे. पाण्याची वाट एक व वसुलाची वाट दुसरी, हें येथील इतिहासाचें मुख्य लक्षण होय.

राजकीय फेरफार थोडक्यांत असे आहेत. इ. स. १६०१ त अकबरानें अशीरगड घेतला व खानदेश हा मोंगली सुभा झाला. १७१९ च्या सनदांनीं दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी मराठ्यांस मिळाली. त्या सहांत खानदेश व औरंगाबाद हे दोन्ही सुभे होते. चौथाई म्हणजे वसुलाचा शेंकडा २५ व सरदेशमुखी शेंकडा १० असा हक्क असल्यामुळें एकाच गांवच्या उत्पन्नावर दोन धन्यांचे दोन अंमलदार बसले. १७२४ त साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामुल्मुल्क दक्षिणेंत वस्तुतः स्वतंत्र झाला. १७५२ च्या भालकीच्या तहानें खानदेशांतील मोठा मुलूख पेशव्यांकडे आला, आणि १८१८ त तो इंग्रजांकडे गेला. तेव्हांपासून डोंगराखालीं कंपनी सरकार व डोंगरावर निजाम अशी मांडणी झाली. १९०६ त खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. दक्षिणेची हद्द मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत संस्थानी हद्द म्हणून, व १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दोन प्रांतांची हद्द म्हणून टिकली. येणेंप्रमाणें सव्वाशें वर्षांवर एकाच डोंगराचे दोन उतार दोन सरकारांचे होते.

आतां सामाईक खर्चाच्या जुन्यांतल्या जुन्या पुराव्याकडे वळूं. शेजारच्या चाळीसगांव तालुक्यांतील पाटण येथील शिलालेख वाचकांच्या परिचयाचा आहेच. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आपल्या आजाच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, व यादवांचा मांडलिक निकुंभ सोइदेव यानें त्यास शके ११२८ त दान दिलें, असें त्यांत आहे. लेखाच्या मराठी भागांत बाजारांतील व्यवहार, तेलाचे घाणे वगैरेंवर मठासाठीं ठराविक हिस्से लावून दिले आहेत. जुन्या मराठीचा नमुना म्हणून या भागाची चर्चा पुष्कळ झाली. आम्ही त्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहतों. एका विद्यास्थानाचा खर्च एकाच खजिन्यावर न टाकतां तो गांवच्या निरनिराळ्या धंद्यांवर थोडथोडा वांटला आहे, आणि कोणीं काय द्यावयाचें तें दगडावर कोरून सर्वांस उघड केलें आहे. पट्टी किती हें देणाऱ्यास आधींच ठाऊक असणें ही विश्वासाची पहिली पायरी होय. परंतु हिस्से लावले ते राजानें. घाणेवाल्यानें लाविले नाहींत. विचारणेची पायरी पाहावयाची तर पुढील काळांत यावें लागतें.

ती पायरी गोतसभेच्या कागदांत दिसते. शिवेचा, वतनाचा किंवा पाण्याचा तंटा पडला असतां प्रथम दोन्ही वादींकडून राजीनामा घेत. येथें राजीनामा म्हणजे चाकरी सोडण्याचें पत्र नव्हे. सभा जें ठरवील तें मान्य करूं असें आगाऊ दिलेलें संमतिपत्र. मग जामीन. नंतर प्रत्येकाची तकरीर, म्हणजे त्याचें म्हणणें त्याच्याच तोंडचें लिहून घेत. त्यावर पुरसीस, म्हणजे उलट विचारणा. ज्याचा त्या ठिकाणच्या सभेवर विश्वास नसे, तो दुसरें थळ मागे. शेवटीं महजर, व त्यावर हजर असलेल्या वतनदारांच्या निशाण्या: पाटलाचा नांगर व इतरांचीं आपआपल्या धंद्यांचीं हत्यारें. जिंकणाऱ्यानें सरकारास हरकी अथवा शेरणी द्यावयाची व हरणाऱ्यानें गुन्हेगारी. सभेचा निर्णय व त्याचा खर्च हे दोन्ही अशा रीतीनें कागदावर येत.

या क्रमांत तीन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली, विचारणा अगोदर व पट्टी मागाहून. दुसरी, ज्यांस निर्णय बांधावयाचा त्यांची निशाणी त्यावर असलीच पाहिजे. तिसरी, दोन अंमलांच्या सीमेवर ही सभाच एकमेव सामाईक कचेरी होती. मोंगलाईचा आमीलदार व पेशव्यांचा कमाविसदार एकमेकांचे हुकूम मानीत नसत. परंतु दोन्हीकडील पाटील, देशमुख व देशपांडे एकमेकांस ओळखीत व एकाच पांढरीवर बसत. तहनाम्यांनीं जी हद्द घातली ती ओलांडून बोलण्याची सोय गोतानें राखली, असें आमचें मत आहे.

तथापि गोतसभेचें निव्वळ स्तोत्र गाणें हें संशोधकाचें काम नव्हे. ती वतनदारांची सभा होती. उपऱ्या कुळास तींत बसावयास जागा नव्हती. बायकांस बहुधा नव्हती. महार हा शिवेचा जाणता म्हणून त्याची साक्ष मोलाची मानीत, शिवेवरून तो चालेल ती हद्द खरी धरीत. पण शीव ठरल्यावर तींतील जमीन कोणी कसावी याबद्दल त्यास कोणी विचारीत नसे. ज्याच्या ज्ञानावर निर्णय उभा राहतो त्याला निर्णयाचा वांटा नसावा, हा दोष जुना आहे, व तो आजच्या विचारणेंतूनही सर्वस्वीं गेला आहे असें म्हणवत नाहीं.

खर्चाची व विचारणेची सांगड याहूनही पक्की पाहावयाची असेल तर खानदेशच्या फड पद्धतीकडे पाहावें. पांझरा, कान, मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर लोकांनीं दगडी बंधारे घालून पाट काढले. पाटापासून चाऱ्या, चाऱ्यांपासून सारंग, आणि उरलेलें पाणी पुन्हां नदीस जाण्यासाठीं सांडवा, अशी त्याची रचना आहे. भिजणाऱ्या जमिनीचे मोठे तुकडे पाडीत. त्यांस फड म्हणतात. एका फडांत एका वेळीं एकच पीक घ्यावयाचें. कोणत्या फडांत ऊंस, कोणत्यांत हंगामी पीक व कोणता फड पडीत ठेवावयाचा, हें बागाईतदार दरसाल एकत्र बसून ठरवीत. प्रत्येकाची थोडथोडी जमीन निरनिराळ्या फडांत असल्यामुळें पाणी कमी पडून एक फड पडीत टाकला तरी तोटा सर्वांस सारखा वांटला जाई. पाण्याच्या कामासाठीं हवालदार, जागल्या, पाटकरी असे नोकर ठेवीत. त्यांचा पगार व बंधाऱ्याची दुरुस्ती यांचा खर्च जमिनीच्या प्रमाणांत सर्वांवर बसे.

एका बंधाऱ्याचा पाट कित्येकदां एका गांवच्या शिवारांतून निघून दुसऱ्याच्या शिवारांत जातो. तेथें वरच्या गांवास पाणी अडविण्याची संधि असते व खालच्यास तक्रारीखेरीज उपाय नसतो. फडानें हा पेंच सोडविला तो उपदेशानें नव्हे, तर हिशेबानें. खालच्याची पट्टी हवी असेल तर खालच्यास पाणी पोंचलेंच पाहिजे. आणि जो पट्टी देतो तो सभेस बसतो. ज्याचा खर्च त्याची बैठक, हा जो न्याय येथें दिसतो, तोच दोन राज्यांच्या सामाईक कामासही लागू पडावा.

इंग्रजी अंमलाच्या आरंभीं याच सरहद्दीवर एक निराळा प्रयोग झाला. १८१८ पासून सात वर्षें सरकारानें डोंगरांतील भिल्लांवर फौजा पाठविल्या. त्यांचा उपयोग थोडा झाला. डोंगराच्या एका बाजूस पाठलाग सुरू झाला कीं भिल्ल दुसऱ्या बाजूस उतरत, आणि दुसरी बाजू परक्या राज्याची. १८२५ त धोरण बदललें. भिल्लांकरितां तीन एजन्स्या नेमिल्या. औट्रामनें धरणगांवीं भिल्लांची पलटण उभारली. दक्षिणेची एजन्सी ओव्हन्स याच्याकडे होती. जामनेर, भडगांव व चाळीसगांव हा मुलूख तिच्याकडे असून तिचें ठाणें सातमाळ्यावर कन्नड येथें होतें. कन्नड पुढें हैदराबाद संस्थानांतच मोडत असे. म्हणजे खानदेशांतील गांवांचा बंदोबस्त डोंगराच्या माथ्यावरून, सरहद्दीच्या रेषेवर बसून झाला. जागल्यांचे व नाईकांचे जुने हक्क चौकशी करून ठरविले, शेतीसाठीं तगाई, बैल व बीं दिलें. दडपण्यापेक्षां विचारणें स्वस्त पडतें, हा धडा खर्चाच्या अनुभवानेंच सरकारास मिळाला. मात्र येथेंही विचारणा झाली ती एकेका माणसाची. भिल्लांस सभा म्हणून कोणी विचारलें नाहीं, व जंगलाचा कारभार ज्या कायद्यांनीं पुढें चालला ते करितांनाही विचारलें नाहीं.

रेल्वेचें उदाहरण जवळचें आहे. पाचोऱ्याहून वरखेडी, शेंदुर्णी, पहूर या मार्गानें जामनेरास जाणारी अरुंद रुळाची गाडी १९१८–१९ च्या सुमारास सुरू झाली. तिचा रूळ अडीच फुटांचा, लांबी सुमारें ५६ किलोमीटर. यवतमाळ–मूर्तिजापूर–एलिचपूरचे रूळ ज्या कंपनीचे, तीच मध्यप्रांत रेल्वे कंपनी हिची मालक असून किलिक निक्सन यांची पेढी तिचा कारभार पाही. लोक तिला ‘पी. जे.’ म्हणत. ही गाडी डोंगराच्या पायथ्यापायथ्यानें गेली, हद्द ओलांडून गेली नाहीं. अजिंठ्याची लेणीं पाहणारा प्रवासी पहुरास उतरून निजामाच्या मुलखांत शिरे. याच सुमारास, १९२० ते १९२२ च्या दरम्यान, निजाम सरकारनें इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी हे दोन जाणकार आणवून लेण्यांतील चित्रांची दुरुस्ती करविली. एकाच लेण्याच्या वाटेवर अलीकडे कंपनीचें भांडवल व पलीकडे निजामाचा खजिना, आणि दोहोंचा हिशेब दोन दप्तरांत. याउलट बार्शीची लहान रेल्वे १८९७ त सुरू होऊन १९११ त निजामाच्या हद्दींत लातूरपर्यंत गेली व तिनें दोन्ही बाजूंच्या बाजारपेठा जोडल्या. हद्द ओलांडणें अशक्य नव्हतें, हें यावरून सिद्ध होतें. पी. जे. मात्र मार्च २०२० त सांथीच्या वेळीं थांबली ती पुन्हां सुरू झाली नाहीं. तो मार्ग रुंद रुळाचा करण्याचें पुढें ठरलें.

पाण्याच्या बाबतींत ही जुनी कोडी आज अधिक मोठ्या आकारांत उभी आहे. गिरणेवरचें धरण १९६९ चें. तें नाशिक जिल्ह्यांत नांदगांव तालुक्यांत आहे व त्याचें बहुतेक पाणी जळगांव जिल्ह्यांतील शेतें भिजवितें. राज्य एक, जिल्हे दोन. तरी वरचा व खालचा हा भेद आहेच. तापीची गोष्ट तर तीन राज्यांची. तिच्या खोऱ्याचे सुमारें ६५,१४५ चौरस किलोमीटर क्षेत्रापैकीं ५१,५०४ महाराष्ट्रांत, ९,८०४ मध्यप्रदेशांत व ३,८३७ गुजराथेंत आहे. उगम मध्यप्रदेशांत मुलताई येथें, मुख गुजराथेंत, आणि उकाईचें मोठें धरणही, जें १९७२ त पुरें झालें, गुजराथेंतच. त्याचें बुडीत क्षेत्र मात्र त्या वेळच्या धुळें जिल्ह्यापर्यंत पोंचलें. १० मे २०२५ रोजीं भोपाळ येथें महाराष्ट्र व मध्यप्रदेश या दोन राज्यांनीं तापीचें पाणी मोठ्या प्रमाणावर जमिनींत मुरविण्याच्या योजनेचा करार केला. तिचा अंदाज सुमारें १९ हजार कोटी रुपयांचा आहे. करारावर सह्या दोन मुख्यमंत्र्यांच्या आहेत. पाणी मुरावयाचें तें मात्र यावल–रावेरच्या केळीवाल्यांच्या विहिरींत व बऱ्हाणपुराकडील शेतांत. त्यांच्या तकरीरी कोठें लिहिल्या जातील, व कामाच्या देखभालीच्या खर्चांत त्यांचा वांटा व बैठक कोणती, हा प्रश्न जुन्या पद्धतीनें पाहणाऱ्यास सुचल्यावांचून राहत नाहीं.

२००५ च्या सालीं महाराष्ट्रानें सिंचनाचें व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा जो कायदा केला, त्यांत पाणीवापर संस्थेच्या पंचमंडळांत पाटाच्या मुखाकडील, मध्यावरील व शेवटाकडील अशा तिन्ही भागांच्या लोकांस सारखी जागा ठेविली आहे. फडांत जें जमिनीच्या वांटणीनें साधत असे, तें येथें जागांच्या वांटणीनें साधावयाचें आहे. युरोपांतही १९९० पासून सरहद्दीवरील जिल्ह्यांच्या सामाईक कामांसाठीं ‘इंटररेग’ नांवाचा निधि चालतो. त्यांत दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांची एक समिति कामें निवडते, व योजना आंखण्यापूर्वीं स्थानिक संस्थांचीं मतें मागविते. आपल्याकडे या गोष्टी बाहेरून आणावयास नकोत. राजीनामा, तकरीर, पुरसीस व महजर हा क्रम आपल्याच दप्तरांत आहे. त्यांत ज्यांस जागा नव्हती त्यांस जागा द्यावी, एवढीच त्यांत सुधारणा हवी.

आतां मुख्य मुद्दा. या सर्व विवेचनाचा आधार जे कागद, तेच सरहद्दीनें दुभंगले आहेत. पेशव्यांच्या बाजूचे पुण्याच्या दप्तरांत. मोंगली कागदांचा मोठा संग्रह हैदराबादेस. खानदेशचे कित्येक कागद धुळ्यास, जेथें राजवाड्यांनीं आपले अखेरचे दिवस काढले व १९२६ च्या अखेरीस देह ठेवला, आणि जेथें त्यांच्या नांवें संशोधन मंडळ स्थापन झालें. राहिलेला भाग पाटील, कुळकर्णी व देशपांडे यांच्या घरीं रुमालांत बांधलेला आहे. एका तंट्याचा राजीनामा डोंगराखालीं व महजर डोंगरावर, असें होण्यास कांहींच हरकत नाहीं. एका बाजूच्या संग्राहकास मिळालेला तुकडा त्यामुळें अर्थहीन वाटून टाकला जातो. त्यांतही राज्यकर्त्यांच्या पत्रांस जो मान मिळतो, तो पाटाच्या पट्टीस, हवालदाराच्या पगाराच्या यादीस किंवा बंधाऱ्याच्या दुरुस्तीच्या वहीस मिळत नाहीं. फडांच्या वह्या म्हणजे जमाखर्च, असें समजून त्या वाळवीच्या स्वाधीन होतात. वास्तविक कोणीं किती दिलें व कोणास विचारलें, याचा पुरावा त्यांतच आहे.

म्हणून संग्राहकांपुढें आम्ही तीन सूचना ठेवितों. पहिली, पाचोरा, भडगांव, चाळीसगांव व जामनेर या तालुक्यांचा व हद्दीपलीकडील सोयगांव, कन्नड, सिल्लोड यांचा शोध एकाच यादीनें व्हावा; कागद ज्याचे त्याच्या घरीं राहोत, पण त्यांची टांचणें एका वहींत यावींत. दुसरी, या शोधाचा खर्च दोन्ही बाजूंच्या संस्थांनीं प्रमाणशीर वांटून घ्यावा, व ज्यानें वर्गणी दिली त्याची बैठकींत जागा असावी. तिसरी, व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची, कागदांच्या धन्यांस आधीं विचारावें. आजवर संशोधक येतो, रुमाल सोडतो, हवें तें नेतो व निघून जातो, अशी तक्रार जुन्या घराण्यांत ऐकूं येते. ती सर्वस्वीं खोटी नाहीं. ज्यांच्या घरांनीं हे कागद दोनशें वर्षें पावसाळ्यांतून राखले, त्यांची तकरीर प्रथम लिहून घ्यावी, नकल त्यांना द्यावी, व मूळ कागदाचें काय करावें हें त्यांच्या संमतीनें ठरवावें.

सामाईक कामांत विचारणा कशी असावी हें आम्ही जुन्या कागदांतून शोधणार. तर तो शोधही त्याच रीतीनें झाला पाहिजे. ज्यांच्याजवळ पाट, बंधारे, फड किंवा शिवेचे तंटे यांसंबंधीं एखादा तुकडाही असेल, त्यांनीं तो क्षुल्लक न समजतां त्याची नोंद जवळच्या संशोधन संस्थेस अवश्य कळवावी, अशी विनंति करून हा लेख येथें पुरा करितों.